गाडीच्या पोटाखालचा डाग

अण्णांचा मोतीबिंदू काढला आणि घरावर संकट आलं.

त्याआधीची काही वर्षं घर कसं सुखात होतं. अण्णांना सगळं धुक्यातून दिसायचं आणि जे दिसायचं ते बरंच दिसायचं. धाकट्याचे पिकलेले केस, थोरल्याचं सुटलेलं पोट, शेडच्या पत्र्याला पडलेली भोकं, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मग आक्कानं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, हट्टानं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. ती स्वतः हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर, त्यामुळे तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. पट्टी निघाल्यावर अण्णांनी आधी आरशात पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?" मग थेट शेडमध्ये आले, गाडीच्या पोटाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "हा डाग कसला?"

पहिल्या प्रश्नाला सगळे हसले होते. दुसऱ्याला कुणी हसलं नाही.

गाडी म्हणजे अण्णांचा ट्रक. लांब नाकाचा, गोल दिव्यांचा, लाकडी फाळक्यांचा. तो अण्णांनी घेतला तेव्हा थोरल्याचा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे घरातली खरी थोरली ती गाडीच, आणि थोरला हा हिशेबानं दुसरा. अण्णांची बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी पोरांनी शेडच्या वाटणीचा विषय पहिल्यांदा काढला होता. तेव्हा अण्णांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून सांगितलं होतं, "जोवर ही कोरडी उभी आहे तोवर शेड एक. ज्या दिवशी तिच्या पोटाखाली मला तेल दिसेल त्या दिवशी मोजायची फीत आणा आणि शेडचे तीन तुकडे करा. तिघा भावांना मिळून एक गाडी सांभाळता येत नसेल तर एका छपराखाली राहायचं नाटक कशाला करायचं?"

त्यानंतर वर्षभरात गाडीचा स्टिअरिंग बॉक्स गळायला लागला आणि त्याच सुमाराला देवानं अण्णांच्या डोळ्यांवर पडदा ओढला. इतकी सोय देव सहसा करत नाही.

मधली सून रोज संध्याकाळी जुनी परात गाडीखाली सरकवायची आणि सकाळी काढायची. ज्या दिवशी आक्कानं आधी फोन न करता अण्णांना शेडमध्ये आणलं, त्या दिवशी परात नेमकी घासायला बाहेर गेली होती. मधलीनं स्वतःला मनातल्या मनात दहा शिव्या दिल्या. एवढ्या वर्षांत ती परात कधी घासली नव्हती, तेव्हाच कशी स्वच्छतेची हौस आली कुणास ठाऊक.

कारण वाटणी झाली तर बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो, तिचा धंदाच बसणार होता. शेडच्या मागच्या भिंतीला लागून तिचं टेबल होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यावर ती ट्रकच्या ताडपत्र्या बेतायची आणि शिवायची. ताडपत्री काही रुमाल नव्हे की मांडीवर घेऊन शिवावी. ती सरळ पसरावी लागते, नाहीतर शिवण वाकडी जाते आणि पहिल्याच वाऱ्याला ताडपत्री उडते. शेडचे तीन भाग झाले की टेबलाचेही तीन, आणि तिच्या वाट्याला उशांचे अभ्रे शिवण्यापुरती जागा. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याला सांगण्यात तर काहीच अर्थ नव्हता. मधला हा स्वभावानं फार गोड माणूस. मोटार शिकवण्याचा त्याचा धंदा. शिकणारा गाडी खांबावर घालत असला तरी तो म्हणायचा, "तसं तुमचंही बरोबर आहे." घरातही तेच. ज्याच्या हातचा चहा शेवटी प्यायला त्याच्या बाजूनं बोलायचा.

अण्णांनी मुदत दिली ती रविवारची. "जेवणाआधी दुरुस्त करा. मी स्वतः चालवीन, पांढऱ्या कापडावर उभी करीन आणि समोर बसून जेवीन. माझं जेवण, चहा आणि डुलकी होईपर्यंत कापड कोरडं राहिलं तर शेड एक. नाहीतर फीत."

रविवारी सकाळी थोरला शेडमध्ये आला तो खिशात फीत घेऊनच.

"दादा, ही आत्ताच कशाला आणलीस?" धाकट्यानं विचारलं. तो गाडीखाली गोणपाट अंथरून उताणा पडला होता आणि त्याचे फक्त पाय दिसत होते.

"खिशातच असते माझ्या. टायर मोजायला."

"टायर फितीनं मोजतोस? नंबर असतो की त्याच्यावर."

थोरला एका जुन्या टायरवर बसला आणि शेडच्या रस्त्याकडच्या बाजूकडे बघत राहिला. बाजारातल्या त्याच्या टायरच्या दुकानाच्या मालकानं जागा रिकामी करायला सांगितली होती, आणि रस्त्याकडचा भाग मिळाला तर त्याचा प्रश्न एका दिवसात सुटत होता. मधलीला हे ठाऊक होतं. गेल्या वर्षी तो तिच्याकडे आला होता, जरा अवघडूनच, की टेबलाखालची जागा रिकामी आहे तर थोडे टायर ठेवू का. तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. रबराचा काळा रंग कापडाला लागतो. लागतो हे खरंच होतं, पण ती ज्या सुरात म्हणाली तो सूर काही कापडासाठी नव्हता. त्यानंतर महिनाभरात वाटणीचा विषय पुन्हा निघाला होता.

त्याच्या खिशातला फोन वाजला. थोरली जाऊ घरून विचारत होती.

"अजून उघडलाच नाही," थोरला हळू आवाजात म्हणाला. "हो. सांगतो. हो, पडलं की सांगतो."

"वहिनीला सांग, आम्ही सगळे ठीक आहोत," गाडीखालून धाकटा म्हणाला.

धाकट्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि जगात असा कुठलाही सुटा भाग नाही जो आपल्याकडे नाही अशी त्याची श्रद्धा होती. स्टिअरिंग बॉक्सच्या खालून एक जाड दांडा बाहेर येतो, त्याला चाकं वळवणारा लोखंडी हात घट्ट बसवलेला असतो. तो निघाल्याशिवाय तेल अडवणारं सील दिसत नाही. धाकट्यानं आधी खडूनं खूण केली, मग तो ओढून काढायचा पुलर लावला, मग पाना लावला, मग पान्याला पाइप लावला, आणि शेवटी देवाचं नाव घेतलं. हात काही हलेना.

"गरम कर," थोरला म्हणाला.

"तेल आहे सगळं, पेट घेईल."

"मग हातोडी घाल."

"तसं दादाचंही बरोबर आहे," मधला ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाला. त्याला स्टिअरिंग सरळ धरून ठेवण्याचं काम दिलं होतं. जगातलं हे एकच काम असं होतं ज्यात कुठल्याच बाजूला झुकायचं नसतं, आणि तो ते मनापासून करत होता.

आक्का गाडीशेजारी उकिडवी बसून टॉर्च दाखवत होती. तिनं हॉस्पिटलचे हातमोजे घातले होते आणि धाकट्यानं हात पुढे केला की त्यात बरोबर पाना ठेवत होती. "रुग्णानं फार दिवस अंगावर काढलेलं दिसतंय," ती म्हणाली. "अण्णांसारखंच. रोज झोपताना एरंडेल घेतात, बाटली महिन्याला संपते, आणि तरी सकाळी तीच तक्रार. मी म्हटलं, दुकान बदला."

धाकट्यानं हातोडी घातली. ठाणकन आवाज झाला, लोखंडी हात सुटला आणि त्याच्या छातीवर पडला. तो एकदाच "आई गं" म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी, परात."

मधलीनं परात सरकवली. आता काळं तेल येईल, घरातल्या प्रत्येकानं आयुष्यात पाहिलंय तसं, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण बॉक्समधून जे आलं ते पाहून आक्कानंसुद्धा टॉर्च जवळ नेला. आधी पातळ, पाण्यासारखं काहीतरी आलं. मग मधासारखं. मग काळं. मग लाल लाल गोळे. आणि सगळ्यात शेवटी, आत चिकटून राहिलेलं, दाट आणि फिकट पिवळं काहीतरी, त्याला एक ओळखीचा वास येत होता पण नाव जिभेवर येईना. परात काठोकाठ भरली तरी ते थांबेना.

"एवढं लागतं यात?" आक्कानं विचारलं.

"नाही लागत," धाकटा म्हणाला. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि गोणपाटावर बसला. "याच्या निम्मंसुद्धा लागत नाही. कोण घालतंय यात?"

सगळे परातीत बघायला लागले. चोराच्या मनात चांदणं, आणि इथे तर लख्ख पौर्णिमा होती.

"बरं, मीच सांगतो," धाकटा म्हणाला. "महिन्यातून एकदा मी गिअर ऑइल घालतो. दुकानातलं. तुम्हा कुणाला पडलेली नसते म्हणून. ते मधासारखं आहे ना, ते माझं."

"काळं माझं असेल," वरून मधला म्हणाला. "शिकवणीच्या गाडीचं काढलेलं इंजिन ऑइल. फेकायचं कशाला म्हणून. मला वाटलं, एकटा मीच लक्ष देतोय."

मधलीनं नवऱ्याकडे वर बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि या माणसानं कुणाला न विचारता एक निर्णय घेतला होता. तिला त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला, कारण आता तिलाही बोलणं भाग होतं.

"पातळ माझं," ती म्हणाली. "शिलाई मशीनचं तेल. दर शनिवारी. अख्खी बाटली नाही, अर्धी."

"मी हॉस्पिटलातलं लिक्विड पॅराफिन, तेही पातळच," आक्का म्हणाली. "आले की घालते. माझी काही वाटणी नाही इथे, पण माहेराला यायला एक जागा असावी माणसाला."

मग सगळ्यांचं लक्ष त्या लाल गोळ्यांकडे गेलं. लाल ग्रीस. चाकांच्या बेअरिंगला भरतात ते. घरात ते कुणाकडे असतं हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती.

"दादा," धाकटा म्हणाला.

थोरला टायरवर बसल्या जागी जरा आखडला. "बघ, मी..."

"थांब." धाकट्यानं आधीच काढून ठेवलेलं बॉक्सचं वरचं झाकण हातात घेतलं आणि उलटं केलं. त्याच्या मधोमध एक बारीक भोक असतं, बॉक्सला श्वास घ्यायला. ते ग्रीसनं गच्च बुजलेलं होतं. "हे बघ. भोकच बुजवलंस. गाडी चालली की तेल तापतं, फुगतं, वरून वाट नाही, मग खालचं सील ढकलून बाहेर येतं. सगळी गळती याच्यामुळे. तुला वाटणी हवी होती ना? मग तोंडावर मागायची. असं चोरून गाडी मारायची नाही."

"तोंड सांभाळून बोल."

"तू हात सांभाळून वाग."

"तसं बघितलं तर..." वरून मधला म्हणाला.

"तू गप्प बस," दोघंही भाऊ एकदम म्हणाले, आणि त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते एवढंच. थोरला उठून उभा राहिला होता. धाकट्याच्या हातात अजून पाना होता. आक्कानं टॉर्च बंद केला, जणू आता पुढचं उजेडात बघायला नको.

आणि मधलीला दिसलं की आता ती गप्प बसली की सगळं संपलं. थोरला रागानं निघून जाईल, धाकटा दुरुस्ती अर्धी टाकेल, आणि फीत येईल. पण ती गप्प बसणार नव्हती याचं कारण टेबल नव्हतं. तिला थोरल्याचं तोंड दिसलं. पकडलेल्या माणसाचं तोंड तिला माहीत होतं, तिच्या नवऱ्याचं वर्षातून बरेचदा व्हायचं. हे तसं नव्हतं. हे ज्याच्यावर उगाच आळ आलाय त्याचं तोंड होतं.

"भाऊजी," ती धाकट्याला म्हणाली, "गळवायचंच असतं तर माणूस पाना घेऊन नट ढिला करेल. ग्रीस कशाला घालेल? पिशवी फाटली तर आपण टाका घालतो की भोक वाढवतो? पातळ तेल गळतंय म्हणून दादांनी दाट भरलं. थांबावं म्हणून भरलं."

धाकट्यानं झाकणाकडे पुन्हा पाहिलं.

"मग सांगायचं ना," तो शेवटी म्हणाला.

"काय सांगू?" थोरला म्हणाला. "सकाळी वाटणी मागतो आणि दुपारी ग्रीस भरतो, हे सांगू? जागा हवी म्हणून हवी. त्यासाठी गाडी मेलेली बघायची नाही." आणि तो पुन्हा टायरवर बसला. "मला शिकवलंय तिनं गाडी चालवायला. तुम्हाला सगळ्यांना नंतर."

मधलीनं पदराला टोचलेली सुई काढली, धाकट्याच्या हातातलं झाकण घेतलं आणि त्या भोकातलं ग्रीस टोकरून काढायला लागली. काहीतरी हाताला काम असलेलं बरं, असे क्षण त्याशिवाय सरत नाहीत.

खालचं सील निघालं ते पापडासारखं तुकडे होऊन. धाकट्यानं दुकानातून आणलेला डबा उघडला. त्यात सीलांचे ढीग होते. एकामागून एक लावून बघितली. एक मोठं, एक लहान, एक जाड. शेवटी त्यानं डबा बाजूला सारला आणि मान खाली घातली. ज्याच्याकडे सगळं असतं त्याच्याकडे तेवढं एकच नसतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"जुनं कशाचं होतं?" मधलीनं तुकडा बोटांत चुरून बघितला. "चामडं आहे हे. मी कापून देते. पण माझ्याकडे सगळं रेक्झिन. चामडं हवं. जाड, मुरलेलं, तीन बोटं तरी रुंद."

चौघाही भावंडांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. असं चामडं घरात एकच होतं. अण्णांचा पट्टा. जुन्या ड्रायव्हर लोकांचा रुंद पट्टा, पितळी बकलाचा. लहानपणी तिघाही भावांनी तो जवळून अभ्यासला होता.

"त्यानं आम्हाला सरळ केलं," धाकटा म्हणाला. "स्टिअरिंगलाही करेल."

"मागणार कोण?" मधला म्हणाला.

आक्का उठली, हातमोजे काढले आणि आत गेली. परत आली तेव्हा पट्टा तिच्या हातात होता. "डोळ्यांत थेंब घालताना पोट आवळलेलं चालत नाही म्हटलं," ती म्हणाली. "डोळ्यांवर दाब येतो म्हटलं."

"येतो का?"

"मला काय माहीत. त्यांनी दिला."

मधलीनं पट्ट्यावर कंपासनं गोल आखला, कातडं कापायच्या सुरीनं दोन चकत्या काढल्या, मधलं भोक दांड्यापेक्षा जरासं लहान ठेवलं आणि दोन्ही तेलात भिजवल्या. जुन्या सीलनं दांड्यावर एक खाच पाडली होती. धाकट्यानं नव्या चकत्या त्या खाचेच्या थोड्या वर बसवल्या, गुळगुळीत जागेवर. मग खडूच्या खुणेला खूण जुळवून लोखंडी हात चढवला, नट आवळला, आणि नवीन तेल ओतलं, तेल घालायच्या भोकाच्या काठापर्यंत आणि एक थेंबही जास्त नाही.

"आता ऐका," तो म्हणाला. "यात कुणीही काही घालायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही. शपथ घ्या."

चौघांनी गाडीच्या मडगार्डवर हात ठेवून शपथ घेतली. थोरल्यानं सगळ्यात शेवटी ठेवला, पण ठेवला.

अण्णा आले ते एका हातानं पँट धरून. तसेच चढले, तसेच बसले. एका हातात स्टिअरिंग आणि एका हातात पँट अशा अवस्थेत त्यांनी गाडी अंगणातून दोनदा फिरवली, आणि वळणावर त्यांचा चेहरा असा झाला की आक्का दुसरीकडे बघायला लागली. मग त्यांनी गाडी मधलीनं अंथरलेल्या अस्तराच्या पांढऱ्या कापडावर आणून बरोबर उभी केली.

"हलकी झाली," ते उतरून म्हणाले. "लोण्यासारखी फिरते. जा, हात धुऊन या सगळे. मी बसतो हिच्याजवळ."

सगळे मागच्या नळावर गेले. साबण एकच होता आणि हात पाच जणांचे, त्यामुळे जरा वेळ लागला.

जेवण मधलीच्या टेबलावर मांडलं होतं. अण्णा टेबलाच्या टोकाला, तोंड गाडीकडे करून बसले, नवे डोळे कापडावर लावून. बाकीचे जेवत होते असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. धाकट्याचा घास हातात राहिला होता. मधला दर घासाला वाकून बघत होता. थोरल्याचा फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता. जेवण संपलं. कापड पांढरं होतं. आक्कानं चहा आणला. अण्णांनी कप घेतला, दोन घोट घेतले, आणि त्यांची मान हळूहळू छातीवर आली.

आता फक्त डुलकी उरली होती. मधलीनं पहिल्यांदा पाठ टेकली. तिनं टेबलाच्या लाकडावर हात फिरवला, जसा आजारातून उठलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा.

आणि कापडावर थेंब पडला.

आवाज झाला नाही, होणारही नव्हता, तरी तो सगळ्यांनी ऐकला. वाटाण्याएवढा, पिवळसर. हळूहळू पसरायला लागला. धाकट्यानं डोळे मिटले. मधलीनं अण्णांकडे पाहिलं. त्यांची मान वर येत होती.

थोरला उठला. त्याच्या हातात चहाचा कप होता, भरलेला. तो गाडीकडे चालत गेला, कुणाच्या लक्षात यावं अशा घाईनं नाही आणि लक्षात येऊ नये अशा सावकाशीनंही नाही. गाडीजवळ पोचला, वाकला आणि अख्खा कप कापडावर ओतला. अगदी नेमका.

"सांडला," तो म्हणाला.

अण्णा जागे झाले होते. "काय सांडलं?"

"चहा. पाय अडखळला."

"कशाला?"

थोरल्यानं आजूबाजूला पाहिलं. सपाट फरशीवर अडखळण्यासारखं काहीच नव्हतं. "फितीला," तो म्हणाला आणि खिशातून फीत काढून जमिनीवर टाकली.

अण्णा उठले. एका हातानं पँट धरून चालत गाडीपाशी आले आणि गुडघे मोडून खाली बसले. पन्नास वर्षं तेल ओळखणारी बोटं होती ती. त्यांनी बोट डागात बुडवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं. मग थोरल्याच्या हातातल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"चहाच आहे," अण्णा म्हणाले. "साखर जास्त झालीय." आणि थोरल्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. "ती फीत उचल. कुणी पडेल."

थोरल्याचा फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यानं घेतला. "हो, पडलं," तो म्हणाला. "चहा पडला. आता ठेव."

मधलीनं जरा वेळानं त्याला हाक मारली. "दादा, टेबलाखाली टायर किती मावतील बघा. मी खाली जुनी ताडपत्री टाकते, कापडाला लागायचा नाही काळा रंग. रस्त्याकडचं दार आहेच, गिऱ्हाईक तिकडून येईल." थोरल्यानं टेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्यानं तीच फीत उचलली आणि टेबलाची उंची मोजायला लागला. धाकटा दुसरं टोक धरायला गेला. मधला म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर तसं होतं.

कापड धुवायला तिनं गोळा केलं, तेव्हा चहाच्या वासाखालून तो दुसरा वास आला. सकाळचाच, ज्याचं नाव आठवत नव्हतं. आता आठवलं. तिनं गाडीखाली वाकून सीलला बोट लावलं. कोरडं ठणठणीत. मग चाकामागून हात घालून वरचं झाकण चाचपलं. ते ओलं होतं. काठोकाठ भरून, वरच्या भोकातून बाहेर आलेलं. ती गाडीत चढली आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. सीट तिनंच शिवली होती, आणि खाली एक खिसा ठेव असं अण्णांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. खिशात एरंडेलाची बाटली होती. निम्मी.

तेव्हा तिला सगळं उलगडलं. दिसत नसताना अंदाजानं ओतत होते. थोडं बॉक्समध्ये, थोडं फरशीवर. आज सगळे हात धुवायला नळावर गेले तेव्हाही ओतलं होतं. नवे डोळे मिळाल्यावर ज्या डागावर त्यांनी एवढं रान उठवलं, त्यात निम्मा तरी त्यांचाच होता.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ती त्यांच्याकडे गेली. ताडपत्रीच्या पट्टीचा नवा पट्टा शिवला होता, त्याला जुनं पितळी बकल लावलं होतं. पट्टा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि शेजारी बाटली.

अण्णांनी पट्टा उचलला. बाटलीकडे बघितलंच नाही. "पोट साफ होत नाही माझं," ते म्हणाले.

"गाडीचं आज झालंय, अण्णा. आता तिला देऊ नका. भाऊजींनी सगळ्यांकडून शपथ घेतलीय."

"माझ्याकडून नाही घेतली."

"तुमच्याकडून मी घेते."

त्यांनी पट्टा कमरेभोवती घेतला आणि बकल लावलं. छिद्र बरोबर जागी होतं. "आयुष्यभर रस्त्यावर तेल संपलं की मी हेच घातलं," ते म्हणाले. "तेल आटून गाडी बंद पडली तर वाटणी होईल, ही भीती. तुम्हाला घातली तेवढीच मलाही." मग बाटली उचलून तिच्या हातात दिली. "थोरल्याला यातलं काही सांगायचं नाही. त्याला वाटू दे की त्यानं शेड वाचवली."

"त्यांनीच वाचवली."

"हो," अण्णा म्हणाले. शेडमधून थोरल्याचा आणि धाकट्याचा आवाज येत होता, टायर आडवे ठेवायचे की उभे यावरून. अण्णा ऐकत राहिले. "खिशात फीत घेऊन आलेला माणूस वाकला आणि चहा ओतला. मी झोपलो नव्हतो, सूनबाई, सगळं बघत होतो. इतकं स्वच्छ दिसलं. ऑपरेशन वसूल झालं."